व्याह्यांची बाज

फुलसावंगी तांडा,
८ जानेवारी १९६२

चि. सौ. बसंतीस,
भियाचा घरभर आशीर्वाद. वि. वि. इकडे सारे खुशाल. तुझी वहिनी सुखी माझ्यावर चिडून आहे, म्हणजे तिचीही तब्येत ठणठणीत समज.

कौसल्याचे होणारे सासरे किसनसिंग लग्नाचा महिना ठरवायला बाभुळगावाकडून आठवडाभरात येऊन राह्यले. त्यांना याच चैत्रात बार उडवायचा आहे. पोरीचं यवतमाळचं मास्तरीणबाईचं ट्रेनिंग मात्र वर्षभर बाकी आहे. लग्न झालं की ते सुटलंच. ती म्हणाली, बापू, एक वर्ष मागून घे. मी हो म्हणून बसलो.

आपल्यात पाहुण्याले बाजेवर बसवूनच मन वळवायची रीत. अन् किसनसिंग म्हणजे चालता कापसाचा गठ्ठा. म्हणून मी बाजा पारखून पाहिल्या. बापजाद्यांनी बैलांवर मिठाच्या गोण्या वाहिल्या, आपल्याले ओझं कळते. नवारीच्या बाजेवर, अंबाडीच्या दोरीच्या बाजेवर अन् सागवानी बाकड्यावर ज्वारीची पोती ठेवून दिली. पहिल्या दिवशी तिन्ही ताठ. मग नवार लोंबली. अंबाडी रोज बोटबोट खाली गेली. बाकडं तर पोती उतरवल्यावरही वाकलेलंच राह्यलं. ओझं मोठं नसते बाई, त्याचं बसून राहणं मोठं असते. शेवटी अंबाडीच ठरवली. सुखी रोज सकाळी पायथ्याची दोरी आवळेल.

पूनमसिंगांना राम राम. जीव लावून आहेसच, तसाच लाव.
तुझा,
देवसिंगभिया

ढाणकी,
१५ जानेवारी १९६२

ती. भियाच्या चरणी,
बसंतीचा वाकून नमस्कार. वि. वि. तुझं पत्र वाचून आमचे हे हसून हसून खोकलले. विचारतात, देवसिंगभाऊंनी व्याह्यांचं वजन ज्वारीत कसं काय काढलं.

मले बाजेची काळजी नाही, तुझी आहे. किसनसिंग रोज गोड बोलून चैत्र, चैत्र म्हणतील अन् एक दिवस तूच खाली टेकशील. तुझा स्वभाव नवारीचा. माझ्या सासूबाई चार दिवसांसाठी आल्या तेव्हा मी लोखंडासारखी होती. होळीपर्यंत राह्यल्या अन् आता त्यांच्याशिवाय मले भाजीत मीठ टाकता येत नाही.

तवा भांडू नको. रोज जेवण झालं की एकदाच वर्ष माग, अन् गप्प बस. ओझं तूच त्यांच्यावर ठेव.

वहिनीले सांग, सांडगे पोचले. माया आटू देऊ नको.
तुझी लहानी,
बसंती

फुलसावंगी तांडा,
२ फेब्रुवारी १९६२

चि. सौ. बसंतीस,
आशीर्वाद, अन् या खेपेला वरून शाबासकी.

घोटाळा असा झाला की दोरी आवळायची तर पाहुणा उठला पाहिजे, अन् किसनसिंग उठेचनात. जेवण बाजेवर, चिलीम बाजेवर. बाज त्यांच्या अंगाबरोबर खोल होत गेली. आठवड्यात नुसती मिशी अन् पोट वर दिसे.

मी रोज काठावर वाकून वर्ष मागे. पहिल्यांदा ते उठून बसले अन् नाही म्हणाले. पुढे वाद घालायले उठायचं तर दोघांना हाक मारावी लागे, म्हणून पडल्यापडल्याच पाहू म्हणू लागले. पाहूचं हूं झालं. मागल्या आठवड्यात हूंचं बरं झालं. मी लगेच तांड्याच्या नायकांना बोलावून चार माणसांत गूळ वाटला. आता शब्द फिरत नाही. लग्न पुढच्या वर्षी. कौसल्याले कळवलं.

पण बाई, जाताना ते म्हणाले, देवसिंग, असा आराम मले जन्मात नव्हता. वर्षभर दर महिन्याले येईन, दोरीले हात लावू नका. गेले ते तिसऱ्या दिवशी परत आले. घरची बाज टोचते म्हणतात. आता महिनाभर राहीन म्हणतात.

काल भाकरी थापता थापता सुखी म्हणाली, चैत्र काही एवढा वाईट नव्हता. आज सकाळी परत म्हणाली. तिले टेकू द्यायले मिळेल त्या गाडीनं ये.

लोभ आवळून धर.
तुझा,
देवसिंगभिया