लुणी नदी आणि आपल्या बोडीची वाट

ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया
१४ सप्टेंबर २०२५

चि. पुष्पांजली बाईस आबाजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? आईचा गुडघा कसा आहे? तिकडच्या उन्हात लहान्या हिमांशूच्या नाकातून रक्त येते म्हणे, ते थांबलं का? इकडे तुझी आजी ठणठणीत आहे आणि मला रोज बोलून राहिली आहे.

तुझी शाळेची वही वाचली. अक्षर सुरेख, मजकूर भिकार. दोष तुझा नाही, तुझ्या पुस्तकाचा. "कोरड्या प्रदेशातील नद्या समुद्रापर्यंत पोहोचू शकत नाहीत." जसे काही नदीचे पाय दुखतात! मीही वाळवंट पाहिलं नाही, शाळा चौथीत सुटली. पण पन्नास वर्षं पाण्यामागे फिरलो आहे. ऐक.

तुमची लुणी पावसापुरती वाहते. पाणी थोडं, पात्र परातीसारखं पसरट. खालून वाळू पिते, वरून ऊन पिते, उरते मीठ. म्हणून पुढे ती खारट होते आणि कच्छच्या रणात जिरते. वाळूची टेकडी कशी होते? धान उडवताना भुसा लोटत जाऊन ढीग होतो, तशी. वाऱ्याकडची बाजू सावकाश चढाची, पलीकडची उभी. आणि तो छत्रीसारखा खडक? वाऱ्याला जड वाळू उंच उचलवत नाही, तो खालीखालीच घासतो, म्हणून खडकाची मान बारीक. झालं! एवढ्याला त्या शहाण्याने बारा पानं नासवली.

आणि मुख्य गोष्ट लिहिलीच नाही. कोरडं पात्र रिकामं नसते. दहा वर्षं पाणी आलं नाही तरी जागा पाण्याचीच. तिथे नांगर घालणारा माणूस अकलेने कोरडा.

असा एक आपल्या गावात आहे. तलाव बांधणाऱ्यांच्या घराण्यात जन्मला. बोडीत, म्हणजे आपल्या त्या लहान तलावात, पाणी आणणारा नाला त्याने दोन वर्षं कोरडा पाहिला, बुजवला आणि तिथे धानाच्या दोन बांध्या, म्हणजे खाचरं, केली. पोरगा म्हणाला, "बाबा, ही बोडीची वाट आहे. काऊन बुजवून राहिले?" बोडीच्या पाळीवर, बांधावर, दहा माणसं होती. त्यांच्यासमोर म्हातारा म्हणाला, "दोन बुकं वाचून मले पाणी शिकवतं का? जाय, जिथं पाणीच नाही तिथं जाऊन शिकव!"

पोरगा गेला. जोधपूरला.

हो बाई, तो म्हातारा मीच.

यंदा पाणी आलं. वाट सापडली नाही म्हणून शेजारच्या बकारामच्या शेतातून गेलं, नुकतीच केलेली धानाची रोवणी घेऊन. बोडी अर्धीच भरली. बकाराम शिव्या देत नाही. नुसतं विचारतो, "उमरावजी, जेवले का?"

दिवाळीनंतर धान कापला की बांध्या फोडतो. नाल्याची जुनी रेघ तुझ्या बाबाला, ईश्वरदासला, नेमकी ठाऊक आहे. मला आता ती सापडत नाही. आजी म्हणते, "सापडते तुम्हाले! पोराले बोलवायचं आहे, ते सांगा ना सरळ!" तिचं ऐकू नको.

बरं, ऐक.

फोन तो उचलत नाही. हे पत्र त्याला वाचून दाखव, काही गाळू नको. चार माणसं बसली असतील तर त्यांच्यासमोरच वाच. उत्तर या वेळी तू लिहू नको, त्याला लिहू दे. शिव्या लिहिल्या तरी चालतील. पण लवकर.

तुझा आबाजी,
उमराव