दाण्यांची वाटी

१४ मार्च, संध्याकाळ

लाडक्या धाकटीस,

मोठीचे आशीर्वाद. अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकू नकोस. मी बरी आहे. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आता नववं वर्ष लागलं. अॅलर्जी तपासायला इथे हातावर टोचून बघतात, रक्त बघतात. पण खरं काय ते खाऊ घातल्यावरच कळतं. म्हणून मी लापशीच्या दोन वाट्या करते, एकीत दाणे, एकीत नाहीत. रंग, वास, चव अगदी सारखी. कोको घालघालून माझं मीच शिकले. कोणत्या दिवशी कोणती वाटी, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. फक्त मला.

गेल्या आठवड्यात खिडकीत एक उंच मुलगा वाकला. "मावशी, तेव्हा चुकून घातलेस दाणे. आता मुद्दाम घाल."

तुझा लेक गं. तुला न सांगता आला, त्याच्यावर चिडू नकोस.

मी म्हटलं, हे काम दुसरीला द्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यासारखं लपवणं कुणाला जमत नाही."

धाकटे, तेव्हा ते चुकून नव्हतं. 'दाणे सोसत नाहीत म्हणे! पोराचे नखरे आहेत, कळणारसुद्धा नाही,' असं म्हणत मीच दाणे वाटून भाजीत घातले. पाच वर्षांचं पोर निळं पडलं, आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. सोळा वर्षं ते गिळून बसले. त्याला आधी हे सांगितलं, मगच पळी हातात घेतली. तर म्हणतो कसा, "ठाऊक होतं. तुझा हात इतका चुकत नाही."

काल साधी वाटी गेली. आज दाण्यांची. अर्ध्या अर्ध्या तासाने घास वाढवत नेले. मी इकडे घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते. वाटी चाटूनपुसून परत आली. पुढे दोन तास बसवून ठेवला. अंगावर गांधी उठल्या नाहीत, खोकला नाही, ओठसुद्धा सुजला नाही. जिंकला गं तो! त्याचं हसणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं.

आता त्याने आठवड्यातून दोनतीनदा दाणे खात राहायचे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. म्हणजे घरी तुलाच वाढावे लागणार. पहिल्यांदा वाढताना तुला धीर होणार नाही. तेव्हा मला बोलाव. मी गॅसकडे फिरकणार नाही, नुसती तुझ्या शेजारी बसेन.

तुझ्यापासून आता काही न लपवणारी,
मोठी