गोळीची वाट पाहणाऱ्या मामांस

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच. तुमच्या पायाला हात लावायची हल्ली भीती वाटते.) अंगठ्याची जखम भरली का? मामी फोनवर ‘बरं आहे’ म्हणाल्या, पण मामींचं ‘बरं’ मी लहानपणापासून ओळखतो.

डॉक्टरांनी इन्सुलिन सांगून तीन वर्षं झाली आणि तुम्ही ‘भाचा गोळी काढतोय, सुई कशाला?’ म्हणत बसलात. तेव्हा त्या गोळीचीच हकीगत ऐका. प्रयोगशाळेत आमच्याकडे मधुमेही उंदरांचे दोन गट. एकाला औषध, दुसऱ्याला नुसतं पाणी. खाणं दोघांना सारखंच, तेलकट. चार महिन्यांनी रक्त तपासलं, तर पाणीवाले ठणठणीत आणि औषधवाल्यांची साखर आभाळाला! आमच्या मोठ्या बाई डोक्याला हात लावून बसल्या. मी यंत्र बदललं, रसायनं बदलली, चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. पिंजरे सांभाळणारे काका स्वतः साखरेचे पेशंट. त्यांना पाणीवाल्यांची दया आली. ‘बिचाऱ्यांना औषध नाही, निदान पथ्य तरी’ म्हणून ते त्यांचं निम्मं खाणं काढून घ्यायचे आणि टेबलावर पुठ्ठ्याचं कुंपण घालून त्यांना तासभर पळवायचे. (उंदरांना, मामा!) आणि काढलेलं खाणं? ते औषधवाल्यांना. ‘त्यांना काय, औषध चालू आहे, थोडं जास्त चालतं.’ हे तत्त्वज्ञान आणखी कोणाचं आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

मग खाण्याच्या डब्याला कुलूप लावून सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी औषधाने साखर उतरली हो, अगदी छान उतरली. पण उंदरांची यकृतं सुजली. बाईंनी काम बंद केलं. सात वर्षं पाण्यात गेली. मी पिंजऱ्यांच्या खोलीत जाऊन चक्क रडलो. काका पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘जाऊ दे, माझी साखर पण वाढलीये.’ हे त्यांचं सांत्वन! बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
भाचा

ता. क. गोळी येणार नाही. हे एवढंच लिहायचं होतं, पण हात धजेना.

ता. क. २ : आत्ताच मामींचा फोन आला. अंगठा काळा पडलाय म्हणे, रडत होत्या. आता हे पत्र टपालात टाकत नाही, स्वतः घेऊन निघतोय. वाचून झालं की उठा, दवाखान्यात जायचंय. इन्सुलिनची पहिली सुई मीच टोचेन. हात हलका आहे माझा. सात वर्षांत दोनच उंदीर चावले. तुम्हालाही चावायचं तर चावा. फक्त उंदीर दगावला की आम्ही दुसरा मागवतो, मामा. तुमच्या बाबतीत तशी सोय नाही.