अर्धा कप चहा

तीर्थरूप आई,

लांबूनच पाया पडते, डोक्यावर हात ठेव.

फोटोत माझा कप अर्धाच बघून तू मावशीला म्हणालीस म्हणे, "पोरीला चहासुद्धा पोटभर देत नाहीत!" तुझंही काहीतरीच! इथे साहेबांपासून सगळेच अर्धा कप घेतात. जमिनीतल्या वाफेवर आम्ही वीज तयार करतो आणि त्या वाफेचं पाणी झालं की पंपाने परत खोल खडकात सोडतो. ते भेगांत शिरलं की खडक जरासा सरकतो, जमीन हलते आणि भरलेला कप सांडतो. एवढंच.

परवा धक्के जरा वाढले, म्हणून साहेबांनी लगेच पंप बंद केले. तरी धक्के चालूच आहेत, कारण आत गेलेलं पाणी काही सांगून थांबत नाही, पसरत राहतं. होईल शांत. मी खाट कपाटापासून लांब ओढून घेतली आहे, तेव्हा तू उगाच काळजी करू नकोस.

बाबांचा गुडघा कसा आहे? दादा औषध वेळेवर आणतो ना?

आणि हो, पुढच्या फोटोत कप पावच भरलेला दिसला, तर मावशीला आधीच सांगून ठेव: पोरगी चार वेळा ओतून घेते.

तुझीच,
धाकटी