नळीतली बाई

रविवार, १२ मार्च

ती. वन्सं यांस,

सा. न. तुमच्या भावाचा खोकला गेला. बाथरूमच्या छताची गळती मात्र तशीच आहे. चिमणीला आठवं पूर्ण झालं. अजून बोलत नाही, पण मी दिसले की टाळ्या वाजवते. फिट्स आठवड्याला तीन-चार.

परवा फोनवर म्हणालात, "एवढी वर्षं जनुकांवर संशोधन करतेस, मग पोरीचं का गं काही होत नाही?" म्हटलं, लिहूनच कळवावं.

चिमणीच्या एका जनुकात बिघाड सापडला होता. तोच तुमच्या भावातही निघाला, पण ते तर धडधाकट. मग आजार त्यानेच होतो की नाही, हे ठरवायला त्यांच्या रक्ताचं, फिट्स येऊन गेलेलं माणूस हवं होतं. म्हणजे तुम्ही. तुमच्या लहानपणीच्या फिट्सचं सासूबाईंनीच मला सांगितलं होतं. हातापाया पडून मी नळी पाठवली, यात फक्त थुंका म्हटलं. भरून आली. तिच्यात बिघाड नव्हता. आम्ही ते जनुक सोडलं आणि दोन वर्षं भलतीकडेच शोधत बसलो.

जानेवारीत जुने नमुने नव्याने तपासले. नळीतली बाई तुमच्या भावाची कोणीच लागत नाही! तुमच्या स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "ताई म्हणाल्या थुंक, मी थुंकले."

"आमच्या घराण्यात असलं खूळ नाही, हे हिच्या माहेरचं," असं सगळ्यांदेखत म्हणाला होतात ना? ते खरं ठेवायला एवढा आटापिटा!

त्याच जनुकावरच्या औषधाची चाचणी दीड वर्षापूर्वी सुरू झाली. सात वर्षांच्या आतलीच मुलं घेतली. चिमणी तेव्हा साडेसहाची होती.

दारात येऊन बोंब ठोकणार होते. मग म्हटलं, त्याने माझं काय निवणार?

तुमच्या लेकीला चौथा महिना आहे. तुमच्या फिट्सचं तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं. ती स्वतः येऊन नमुना देऊन गेली आणि काल तिने माझ्यासमोर रिपोर्ट वाचला. जाताना म्हणाली, "मामी, रिपोर्टात काय निघालं ते आईला सांगू नका."

आमच्या कामात असा शब्द मोडत नाहीत. तुम्ही फोन कराल, रडाल, धावत याल. या. मी चहा टाकीन, चिमणीला तुमच्या शेजारी बसवीन. रिपोर्टचं मात्र अवाक्षर काढणार नाही.

तुमच्या लेकीची
मामी