स्वयंपाकाच्या तंबूखालची चूल

प्रिय आई,

लांबूनच वाकून नमस्कार. खोकला गेलाय, बाबांना औषधं पाठवू देऊ नकोस.

हे खोरं म्हणजे पूर्वीचं तळं. ते आटलं, मधून नदी वाहू लागली, मग माणसं आली. ती नदीकाठीच राहिली असणार, असं मीच ठासून सांगितलं, म्हणून त्यांच्या वस्तीच्या खुणा शोधत आम्ही तिथे महिनाभर खणलं. हाती काही लागेना. शनिवारी काम बंद होणार होतं. माझ्या हट्टापायी सगळ्यांची मेहनत वाया गेली, या विचाराने मला घास गिळवत नव्हता.

काल आचारीकाकांनी स्वयंपाकाच्या तंबूची नवी खुंटी ठोकली, ती दगडावर आपटली. उकरलं तर गोल रचलेले दगड आणि आत काळी राख. पहिल्या माणसांची चूल!

खाली सकाळभर धुकं साचतं, म्हणून आम्ही तंबू उतारावर उन्हात ठोकले होते. त्यांनीही तेच केलं होतं.

"बाई, रोज त्यांच्याच घरी जेवून त्यांना शोधायला खाली जात होतात की!" काका म्हणाले. आमचे उत्खननप्रमुख साहेबसुद्धा पोट धरून हसले.

घर बघताना तू आधी ऊन कुठून येतं ते विचारायचीस. मला ते कसं आठवलं नाही?

काम वाढलं, त्यामुळे येणं लांबलं, रागावू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

स्वयंपाकघर आता खाली धुक्यात हलवलंय. जेवताना दात वाजतात, पण घास उतरतो.

तुझी,
धाकटी