घासलेली जीभ

तोयामा, फेब्रुवारीअखेर

प्रिय सुमियो,

आठवतं का, आई मातीच्या भांड्यात काढा उकळायला ठेवायची आणि आपण दोघी नाक दाबून अंगणात पळायचो? आता तोच वास माझ्या खोलीत मुक्कामाला आलाय.

इसब बरंच निवळलंय, काळजी करू नकोस. बोटांच्या भेगा तेवढ्या राहिल्यात. रेशमाला हात लावला की धागा अडकतो.

काल मात्र फजिती झाली. डॉक्टर हायासे जिभेवरचा थर पाहून काढा ठरवतात आणि मी शाळेतल्या सिस्टरांच्या शिस्तीने जीभ लख्ख घासून गेले!

"किनुएबाई, उत्तरं पुसून कोरा पेपर दिलात. आता मी काय तपासू?"

नवा काढा आठवडाभर लांबला. "भाचीच्या लग्नाआधी हात बरे होतील ना?" मी विचारलं. "आधी जीभ घासणं थांबवा," म्हणाले. हे काय उत्तर झालं?

तुझा गुडघा कसा आहे? लग्नाच्या धांदलीत शिहो नीट जेवते ना?

तिकडच्या माझ्या कपाटातला करडा किमोनो तू घे. सारसांचा रेशमी कमरपट्टा शिहोला दे. तिला सांग, लग्नात तो मावशीच बांधेल. पण बोटं अशीच राहिली, तर तू बांध. मी शेजारी उभी राहून सांगेन.

तुझी ताई,
किनुए